आटवताना

वरळीला पायाचा खड्डा चौतीस मीटरवर गेला
तेव्हा नाथा टोकरेचा फोन आला:
बाई, काळा दगड संपला. खाली पानापानांचा लागलाय,
नखानं सुटतो. घासला की रॉकेलचा वास येतो.

मी पोचले तर त्यानं एक कपची काडीनं पेटवून दाखवली.
जिभेएवढी पिवळी ज्योत, धूर, मग काही नाही.
किती तेल निघेल?
म्हटलं, या एवढ्या सगळ्यातून तुझा एक स्टोव्ह, एक दिवस.
तो हसला. दलालसाहेबांना तेवढंही नको होतं,
त्यांना एवढंच हवं होतं की
हा दगड बेचाळीस मजले पेलेल का.

हातभर गाभा फॉइलमध्ये गुंडाळून पवईला आणला.
प्लास्टिकमध्ये नाही. प्लास्टिक बोलघेवडं,
यंत्रात दगडाच्या आधी तेच बोलायला लागतं.

दळला. चाळला.
बहात्तर तास द्रावक त्याच्यावरून चढत-उतरत राहिलं,
चहाच्या रंगाचं झालं.
मग आटवायचं, नायट्रोजनच्या बारीक फुंकरीखाली:
अर्धा लिटर, वाटीभर, चमचाभर, थेंब.
ग्लोरियानं वहीत 'आटवले' ऐवजी 'आठवले' लिहिलं.
मी खोडलं नाही.

पानाच्या हिरव्या रंगाला एक शेपूट असतं.
रंग जातो, शेपूट राहतं.
गाळाशी हवा असली तर त्याचं प्रिस्टेन होतं,
नसली तर फायटेन.
कागदावर शेजारीशेजारी दोन सुळके, उंची मोजायची, बस.
आमचं फायटेन दुपटीहून उंच.

म्हणजे वर पाणी हलत होतं,
करंगळीच्या पेराएवढे बेडूक होते,
कासव श्वासाला वर येत होतं,
आणि खाली, दोन पुरुष खोलीवर, काहीच कुजत नव्हतं.
कुजायला हवा हवी.
विसरायलाही हवीच.

गॅमासेरेन जवळजवळ नाही, म्हणजे पाणी गोडं.
ज्याच्या दर्शनाचे दलालसाहेब चौरस फुटामागे वेगळे पैसे लावतात
तो समुद्र अजून यायचा होता.
मेणाच्या लांब साखळ्या, सत्तावीस, एकोणतीस, एकतीस कर्बांच्या:
काठावर झाडं होती, वाऱ्याला पानं झाडायची सवय होती.
आधीचा लाव्हा थंड झाला होता, पुढचा यायचा होता.
मधल्या सुट्टीतलं तळं.
सुट्टी किती वेळ चालली, ते हे सुळके सांगत नाहीत.

पहिल्या खेपेला मधोमध एक मोठा उंचवटा आला होता.
ते टोकरेच्या रिगचं डिझेल.
गाभ्याच्या पोटातून पुन्हा नमुना काढला, उंचवटा गेला,
पण शेवटी, उजवीकडे, एक सुळका उरला.
ताठ, एकटा. इतका कोवळा रेणू
साडेसहा कोटी वर्षं टिकणंच शक्य नाही.
दोन रात्री मी त्याला तळ्यात बसवून पाहिलं:
एखादा जिवाणू? एखादं शेवाळ, कुणी न पाहिलेलं?
मग ग्लोरिया म्हणाली, मॅडम, स्क्वालीन आहे ते.
माणसाच्या कातडीचं तेल.

आठवलं. त्या दिवशी खड्ड्यात
टोकरेनं पानं उलटून दाखवली ताज्या तुकड्याची,
आणि मीही हातमोजा काढला,
अंगठा फिरवला. गार होतं.
वीस वर्षं मुलांना सांगत आले, हात लावायचा नाही.

अहवालात लिहिलं:
सुळका ३१, दूषण. स्रोत: विश्लेषक.

काल टोकरेचा पुन्हा फोन.
बाई, रात्रभर काँक्रीट ओतलं, साठ गाड्या.
तुमचं तळं आता बेसमेंट तीनच्या खाली.
पक्कं भरलंय, काळजी नको,
हवासुद्धा जाणार नाही.

मग थोडं थांबून म्हणाला, तेवढा एक तुकडा
माझ्याकडे राहिलाय, खिशात. परत देऊ का?

राहू दे, म्हटलं.